आज भरीत नाही

सुलोचना भंगाळे आयुष्यात एकदाच खोटं बोलली, आणि तेही भर दुपारी, गिऱ्हाइकांच्या देखत, श्रावण महिन्यात.

त्याचं असं झालं. निंभोरपूर हे तापीकाठचं गाव, केळीचं आणि भरताच्या वांग्यांचं. हायवेला लागून भरीत-भाकरीच्या नऊ टपऱ्या ओळीने उभ्या, त्यातली पहिली भंगाळ्यांची. सुलोचना आणि तिची धाकटी जाऊ उज्ज्वला, दोघींनी ती बावीस वर्षं चालवलेली. सुलोचनाचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं; उज्ज्वलाची केतकी हीच दोघींची लेक. मोठी जाऊ म्हणून उज्ज्वला सुरुवातीला 'अहो अक्का' म्हणायची. रोज शेजारी शेजारी राबून त्याचं 'अगं अक्का' कधी झालं, ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

कामाची वाटणी ठरलेली. भाकऱ्या, फोडणी, गिऱ्हाईक आणि भांडण उज्ज्वलाकडे. वांगी भाजणं सुलोचनाकडे. कपाशीच्या वाळलेल्या काड्या, म्हणजे पऱ्हाटी पेटवायची, जाळात वांगी टाकायची, साल काळंठिक्कर पडलं की ओढून घ्यायची, सोलायची आणि लाकडी बडगीत घालून ठेचायची. गॅसवर भाजलेलं भरीत खान्देशात कोणी तोंडात घेत नाही, निदान घेतलं तर कबूल करत नाही.

२०४३ सालच्या त्या श्रावणात नगरपालिकेची 'निरामय' योजना गावात नवी नवी आली होती. एक मुलगी हातात पाटीएवढा पडदा घेऊन टपऱ्या-टपऱ्यांवर अर्ज भरून घेत फिरत होती. बाकावर केळीचे ट्रक भरणारा शालिग्राम सोनवणे जेवत बसला होता. तिने आधी त्यालाच गाठलं.

"तंबाखू?"

"खातो."

"दिवसातून किती वेळा?"

"लिहा बारा. जास्तच असंल, कमी नाही."

मग ती चुलीकडे वळली. "मावशी, भरीत किती वेळा खाता? रोज, आठवड्यातून, क्वचित, का कधीच नाही?"

आता सुलोचना चातुर्मास पाळणारी. आषाढी एकादशीला वांगं सोडायचं ते चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच तोंडात घालायचं. एरवीही दिवसभर तो वास नाकात घेतल्यावर तिला ते खावंसं वाटायचं नाही. ती तसं सांगायला तोंड उघडणार, तोच उज्ज्वलाने कोपर ढोसलं. समोर तीस माणसं ताटावर बसलेली! करणारीच खात नाही म्हटल्यावर ती काय समजतील?

"रोज खाते की!" सुलोचना मोठ्याने म्हणाली. "आमचंच आम्ही नाही खाणार, तर कोन खाईन?"

बाकावरची मंडळी हसली. मुलीने 'रोज' वर बोट टेकवलं. संध्याकाळी सुलोचनाने देवापुढे दोन्ही कान पकडले आणि विषय तिच्यापुरता संपला.

योजना मात्र तिथून सुरू झाली. प्रत्येकाच्या शेवटच्या दाढेमागे तांदळाएवढा एक दाणा चिकटवून मिळाला. दुखत नव्हता, कळतही नव्हता. रोज सकाळी फोनवर एक आकडा यायचा, आणि सगळं गाव दात घासायच्या आधी तो आकडा बघायला लागलं.

तो आकडा कसला, ते केतकीने दोघींना समजावून सांगितलं होतं. ती जीवशास्त्र शिकून नगरपालिकेच्या त्याच कचेरीत लागली होती. ती म्हणाली, आपल्या प्रत्येक पेशीत एक लांबलचक सूचनापत्र असतं. कधी वाढायचं, कधी थांबायचं, सगळं त्यात लिहिलेलं. धुरातले, तंबाखूतले, दारूतले काही कण त्या पत्रावर जाऊन चिकटतात. डागच म्हणा ना. शरीर बिचारं दिवसभर ते डाग खरवडून काढत असतं. पण काढण्याच्या वेगापेक्षा पडण्याचा वेग वाढला, की कधीतरी एखादी सूचना चुकीची वाचली जाते. थांबायचं सोडून पेशी वाढतच सुटते. तोच कॅन्सर. खरवडून टाकलेल्या डागांचा थोडा चुरा लाळेत उतरतो आणि दाणा तो मोजतो. वीसच्या आत आकडा म्हणजे झकास. साठच्या वर म्हणजे सांभाळा.

"म्हणजे कशानं डाग पडला, तेही कळतं?" उज्ज्वलाने विचारलं होतं.

"नाही. महागडी तपासणी केली तर कळतं, या दाण्याला नाही. धुण्याचं पाणी बघून कपडा किती मळलाय ते कळतं. कुठे लोळून आला, ते कुठे कळतं?"

"मग?"

"म्हणून तर अर्ज भरून घेतलाय. तुम्ही काय खाता, काय पिता ते त्यात आहे. त्यावरून कारण काढायचं."

खोटं कशाला बोला, योजनेने गावाचं भलंही केलं. गुटख्याच्या पुड्या कमी झाल्या. माणसं पहाटे चालायला लागली, पालेभाज्या खायला लागली, पाटलांच्या गच्चीवरच्या पार्ट्या बंद पडल्या. उज्ज्वलाने स्वतः रोज पाच किलोमीटर चालून आकडा चाळीसवरून एकतीसवर आणला आणि महिनाभर सगळ्यांना दाखवत हिंडली. चौकात मोठा फलक लागला, त्यावर गावातल्या सगळ्यांचे आकडे. सगळ्यात वर कायम एकच नाव, योजनेच्या समितीचे अध्यक्ष अत्तरदे सर, आकडा अकरा. सर शाळेत विज्ञान शिकवायचे, सरळमार्गी माणूस. चहा सोडला, साखर सोडली, जळकं-करपलेलं तर ताटात चालायचंच नाही.

सरांनीच दुसऱ्या वर्षी तो नियम आणला. जिल्ह्याला कॅन्सरच्या सुरुवातीच्या गाठी जाळणारं किरणांचं यंत्र एकच. दिवसाला दोनच माणसं घेणार. मग आधी कोणाला घ्यायचं? सर म्हणाले, ज्याच्यावर दैवाने आणला त्याला आधी. ज्याने सांगून-सवरून स्वतःच ओढवून घेतला, त्याने थांबावं. सगळ्यांना पटलं. का नाही पटणार? प्रत्येकजण मनातल्या मनात स्वतःला पहिल्या रांगेत बघत होता. याद्या दोन झाल्या. एक 'दैवकृत', तीन आठवड्यांची. दुसरी 'स्वयंकृत', आठ महिन्यांची.

शालिग्रामच्या गालात त्या उन्हाळ्यात गाठ निघाली आणि तो दुसऱ्या यादीत गेला. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर उज्ज्वलालाही नाही.

कार्तिकात सुलोचनाचा खोकला काही केल्या थांबेना. तपासणी झाली. डाव्या फुप्फुसात वाटाण्याएवढा ठिपका. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. म्हणाल्या, "लवकर सापडलंय. यंत्राखाली तीन वेळा झोपवलं की काम फत्ते. फक्त दोन महिन्यांच्या आत व्हायला हवं. त्यापुढे मी शब्द देत नाही."

आणि खालच्या खिडकीवर चिठ्ठी मिळाली. सुलोचना भंगाळे. आकडा चौऱ्याहत्तर. स्वयंकृत. यादीत एकशे त्रेचाळिसावी.

चिठ्ठी हातात घेऊन उज्ज्वला केतकीच्या कचेरीत शिरली.

"हे काय आहे? तिनं आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही!"

केतकीने पडदा तिच्याकडे वळवला. तिचे डोळे लाल झालेले होते, म्हणजे तिने आधीच पाहिलं होतं. "आई, मोठ्याईच्या अर्जावर 'भाजलेलं, रोज' असं आहे. तिच्याच तोंडचं. आकडा चौऱ्याहत्तर, बाकी काहीच व्यसन नाही. संगणकाने हिशोब केला, कारण एकच उरलं. भरीत खाणं."

"पण ती खातच नाही!"

"मग तसं सांगितलं का नाही?"

उज्ज्वलाला ते कोपर आठवलं. मग ती तिथेच खुर्चीत बसून हमसून हमसून रडली. कचेरीतली माणसं बघत होती, बघू देत. डोळे पुसून उठली तेव्हा मात्र ती रडणारी उज्ज्वला राहिली नव्हती.

समितीपुढे ती दुसऱ्याच दिवशी उभी राहिली, सुलोचनाला हाताला धरून.

"सर, हिने आषाढीपासून आजवर वांग्याचा घास तोंडात घेतला नाही. अख्ख्या गल्लीला विचारा. आणि हिचा आकडा बघा. आषाढात सहासष्ट, आता चौऱ्याहत्तर. न खाता वाढला कसा?"

अत्तरदे सरांनी चष्मा काढून पुसला. "उज्ज्वलाताई, मला दुःख आहे हो. पण अर्जात त्यांनी स्वतः सांगितलंय. अडचणीत आल्यावर प्रत्येकजण म्हणतो, मी खातच नव्हतो. व्रताचा काय पुरावा देणार?"

"मग ओळीतल्या बाकीच्या भाजणाऱ्या बघा! नऊच्या नऊ जणींचे आकडे पन्नाशीच्या पुढे आहेत."

"असणारच. दिवसभर तेच खात असतील."

"आणि जी माणसं रोज आमच्याकडे जेवतात, त्यांचे आकडे वीस-पंचवीस? खाण्यानं होतं तर त्यांना काबरं होत नाही? अहो, साल जळतं, ते आम्ही काढून फेकतो. गर कुठे जळतो? जळतं ते साल, आणि धूर जातो हिच्या नाकात!"

समितीतल्या एकाने घड्याळ पाहिलं. सर शांतपणे म्हणाले, "हे तुमचं अनुमान झालं. विज्ञानाला प्रयोग लागतो. भाजणारे वेगळे आणि खाणारे वेगळे, अशी चार-पाचशे माणसं आणा, त्यांचे आकडे ताडून बघू. तोवर नियम सगळ्यांना सारखा."

सुलोचना तेवढ्यात खोकली. सगळ्यांनी माना खाली घातल्या, पण नियमाला कोणी हात लावला नाही.

बाहेर आल्यावर उज्ज्वला अशी चालत होती की सुलोचनाला पळावं लागलं. "चार-पाचशे माणसं आणा म्हणे! कुठून आणू? यांच्या घरी भाजायला लागलं असतं ना, म्हणजे कळलं असतं. एक दिवस, फक्त एक दिवस यांनी बसावं त्या चुलीपुढे!"

केतकी मागून येत होती, ती थबकली. "आई, चंपाषष्ठी कधी आहे?"

"पुढच्या बुधवारी. काबरं?"

"त्या दिवशी गावात प्रत्येक घरी भरीत लागतंच ना?"

"लागतंच. नैवेद्याशिवाय चातुर्मास सुटत नाही कोणाचा. नऊ टपऱ्यांवर मिळून अडीच हजार वांगी भाजतो आम्ही त्या..." उज्ज्वला बोलता बोलता थांबली. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

"आणि भाजलंच नाही तर?" केतकी म्हणाली. "प्रत्येक घराला आपलं आपण भाजावं लागेल. घरात एखाद-दुसराच भाजणार, बाकीचे नुसते खाणार. दाणे सगळ्यांच्या तोंडात आहेतच. ताजा डाग दुसऱ्या सकाळी आकड्यात दिसतो."

"तुझी नोकरी जाईन ना बाई," सुलोचना म्हणाली.

"गेली तर भाकऱ्या थापीन."

"तुले भाकरी कुठं येते?" सुलोचनाने विचारलं, आणि इतक्या दिवसांत तिघी पहिल्यांदा हसल्या.

ओळीतल्या बायकांना पटवायला उज्ज्वलाला एक दुपार पुरली. वर्षातला सगळ्यात मोठा धंद्याचा दिवस सोडायचा होता, कुरकुर झालीच. मग तिने एकेकीला तिचा स्वतःचा आकडा मोठ्याने वाचायला लावला. बासष्ट. एकाहत्तर. अडुसष्ट. शेवटच्या टपरीवरची सव्वीस वर्षांची पोर, तिचा सत्तावन्न. पोरीचा आकडा ऐकल्यावर सगळ्यांनी होकार दिला.

चंपाषष्ठीला सकाळी आठ वाजता हायवेवर डबे घेऊन रांग लागली. नऊही चुली थंड. उज्ज्वलाने खडूने पाटीवर लिहिलं होतं, 'आज भरीत नाही.'

"अहो ताई, चेष्टा करता का?" रांगेतून कोणीतरी ओरडलं. "घरी देव ताटकळलाय!"

"वांगी आहेत, पऱ्हाटी आहे. दोन्ही फुकट घेऊन जा. कसं भाजायचं ते सांगते. साल फुटून रस आला पाहिजे, तोवर जाळापुढून हलायचं नाही."

"आणि तुम्ही काय करणार?"

"आम्ही आज श्वास घेणार आहोत!"

शिव्याही पडल्या. एकजण पाटीवर थुंकून गेला. पण बारा वाजेपर्यंत गावातल्या गच्च्या, अंगणं आणि पार्किंगच्या जागा धुराने भरून गेल्या. ज्यांनी जन्मात चूल पेटवली नव्हती, असे बँकेतले साहेब आणि शाळेतले मास्तर डोळे चोळत वांगी उलटी-पालटी करत होते. ओल्या पऱ्हाटीने जास्तच धूर केला, हे काही कोणी ठरवून केलं नव्हतं, पण झालं खरं. सुलोचना टपरीच्या बाकावर मोकळ्या हातांनी बसून ते बघत होती आणि अधूनमधून, "वं माय, कच्चं काढलं त्यानं," असं म्हणून जीव खालीवर करून घेत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता चौकातला फलक बदलला आणि गावात एकच गलका झाला.

केतकी वही घेऊन फलकाखाली उभी होती. तिने गुपचूप काहीच केलं नाही. सगळ्यांसमोर एकेकाला विचारत होती, "काका, काल तुमच्याकडे भाजलं कोणी?" "मीच." "आकडा?" "परवा बावीस होता, आज अठ्ठावन्न! हे काय झालं?" "आणि काकू, तुम्ही?" "मी खाल्लं नुसतं. माझा एकोणीसच्या ठिकाणी वीस आहे." विचारता विचारता लोकच एकमेकांना विचारायला लागले. ज्याने भाजलं त्याचा आकडा उडालेला, ज्याने ओरपून खाल्लं त्याचा जागच्या जागी. दुपारपर्यंत चारशे घरांची नोंद झाली आणि एकही घर उलटं गेलं नाही.

तेवढ्यात अत्तरदे सर आले. गर्दी बाजूला झाली. फलकावर सगळ्यात वर त्यांचं नाव नव्हतं. ते खाली, बरंच खाली सापडलं. एकसष्ट.

"हे चुकलंय," सर म्हणाले. "आईने नैवेद्याचा हट्ट धरला म्हणून मी गच्चीवर भाजलं. पण मी फक्त भाजलं हो! मी एक घासही खाल्ला नाही!"

मग गर्दीतून उज्ज्वलाचा आवाज आला. "व्रताचा काय पुरावा देणार, सर?"

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग अख्खा चौक हसला. सर हसले नाहीत. त्यांनी केतकीच्या हातून वही घेतली, पानं उलटत उलटत तिथेच पायरीवर बसले. त्यांच्यातला जुना मास्तर जागा झाला असणार, कारण शेवटी ते एवढंच म्हणाले, "प्रयोग बरोबर आहे."

संध्याकाळी ते स्वतः टपरीवर आले. चूल थंडच होती. बाकावर शालिग्राम एका गालाने भाकरी-ठेचा चावत बसला होता. सरांच्या हातात नवा अर्ज होता.

"सुलोचनाताई, समितीच्या वतीने माफी मागतो. तुमचं नाव पहिल्या यादीत घेतलंय. इथे खूण करा, 'मी हा आजार स्वतः ओढवून घेतलेला नाही,' आणि खाली सही. तीन आठवड्यांत नंबर लागेल."

उज्ज्वलाने आनंदाने पेन पुढे केलं. सुलोचनाने ते घेतलं, अर्ज दोनदा वाचला आणि पेन बाकावर ठेवून दिलं.

"मी नाही करत सही."

"अगं अक्का! वेड लागलं का तुला?"

"सर, याचा नंबर कितवा?" सुलोचनाने शालिग्रामकडे बोट दाखवलं.

"त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांनी तंबाखू खाल्लाय, स्वतः कबूल केलंय."

"तेच म्हनते मी. त्यानं खरं सांगतलं, तो मागं. मी खोटं सांगतलं, मी पुढं. असा कसा तुमचा न्याय?"

शालिग्राम घाईने म्हणाला, "माझ्यापायी नको, ताई. मी खाल्लीच आहे. माझी चूक आहे."

"तू गप. पहिली चिमूट कोनं दिली रे तुले? सांग यांना."

तो खाली बघायला लागला. "मुकादमानं. ट्रक भरायला जायचो, अकरा वर्षांचा होतो. भूक मरते म्हणायचा."

"ऐकलं सर? आता याचं काय लिहाल? दैवानं आणला का यानं आणला?"

उज्ज्वलाचा संयम सुटला. तिने सुलोचनाचे दोन्ही दंड धरले. "अक्का, मला न्याय-बिय काही नको! मला तू पाहिजे! माझ्या कोपरामुळे झालं हे सगळं, तू मेलीस तर मी काय करू? सही कर, पाया पडते तुझ्या!"

"मरायची हौस मले पन नाही," सुलोचना म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज हलला नाही. "लई भीती वाटते. पन याच्या अंगावर पाय देऊन मी त्या यंत्राखाली झोपनार नाही. बावीस वर्षं जेवू घातलं त्याले."

उज्ज्वलाने शालिग्रामकडे पाहिलं. त्याचा सुजलेला गाल, पुढ्यातली अर्धी भाकरी. उन्हाळ्यात तो दुसऱ्या यादीत गेला तेव्हा आपण काय म्हणालो होतो, ते तिला आठवलं. 'खातोच ना, मग?' म्हणालो होतो. तिला स्वतःची शरम वाटली, आणि त्याच्या पाठोपाठ असा राग आला की तिने तो अर्ज ओढून घेऊन सरांच्या पुढ्यात आपटला.

"सर, आधी तुमचा भरा. तुमचा आकडा एकसष्ट आहे. उद्या तुमच्या छातीत ठिपका निघाला तर काय लिहाल? देवाने भाजायला लावलं? आईने लावलं? का तुम्ही जाणूनबुजून धुरापुढे बसलात? करा खूण!"

सरांनी पेन उचललं. ते रकान्यावर नेलं. हात तिथेच राहिला.

"नाही ना करता येत?" उज्ज्वला म्हणाली. "आकडे ठेवा तुमचे, आम्हाला पाहिजेत. तंबाखू सोडा म्हणा, चाला म्हणा, आम्ही ऐकू. आमच्या चुलींना धुराडी बसवा, ती तर आम्ही मागून घेऊ. पण आजारी माणसाची उलटतपासणी नको. हा रकाना जाईपर्यंत एकही चूल पेटणार नाही. आणि सर, मी एकटी नाही. ओळीत विचारून या."

सर ओळीत विचारून आले. नऊही ठिकाणी त्यांना तेच उत्तर मिळालं.

अकरा दिवस चुली पेटल्या नाहीत. ट्रकवाले हॉर्न वाजवून पुढे जायचे. लग्नसराईच्या भरीत-पार्ट्या रद्द झाल्या. उज्ज्वला रोज दिवस मोजायची, कारण सुलोचनाचे दोन महिने कोणासाठी थांबणार नव्हते. दोनदा ती तो अर्ज घेऊन सुलोचनापुढे बसली आणि दोनदा तो तसाच घेऊन उठली. पण आता गावात चारशे घरांत प्रत्येकी एक तरी माणूस असा होता, ज्याचा आकडा एका दुपारीत उडाला होता आणि ज्याला रोज सकाळी वाटायचं, उद्या मला विचारलं तर मी काय सांगू? ती माणसं एकेक करून समितीच्या दारात उभी राहायला लागली. बाराव्या दिवशी ठराव झाला. मांडला अत्तरदे सरांनीच. दोन्ही याद्या मोडून एक केली, आधी आला त्याचा नंबर आधी, आणि ज्याला थांबणं परवडणार नाही त्याचा त्याच्याही आधी.

नव्या यादीत सुलोचनाचा नंबर तपासणीपासून सातव्या आठवड्यात आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालेल, पण आता एक दिवसही चुकवू नका.

त्या सकाळी तिघी जिल्ह्याच्या केंद्रात पोहोचल्या तेव्हा शालिग्राम आधीच बाकावर बसला होता. पहिला नंबर त्याचा होता, दुसरा सुलोचनाचा. उज्ज्वला त्याच्याशेजारी टेकली.

"खिशात पुडी आहे का?"

"नाही, ताई."

"दाखव."

त्याने दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. दार उघडलं, त्याचं नाव पुकारलं गेलं आणि तो आत गेला. आत जाणारा पहिला माणूस अक्का नव्हती, हे अजूनही उज्ज्वलाला टोचत होतं, आणि ते ती कोणापाशी लपवणारही नव्हती.

खिडकीतल्या माणसाने सुलोचनाला जवळ बोलावलं आणि कोरा कागद पुढे ओढला.

"काय खाते, काय पिते, ते विचारणार असाल तर मीच सांगते," उज्ज्वला तावातावाने पुढे सरसावली.

"ते नाही विचारत आता, बाई." तो मान वर न करता म्हणाला. "नाव, वय आणि कुठे दुखतं, एवढंच सांगा."

सुलोचनाने नाव सांगितलं, वय सांगितलं, आणि छातीवर डाव्या बाजूला हात ठेवला.